राष्ट्रपतीच्या हातचा गूळ

आमच्या घरात खुर्ची एकच होती आणि दर रविवारी दुपारी तिच्यावर माय बसायची. बाकी सगळे खाली सतरंजीवर. घाटनांदूरला आमच्या वस्तीत तेव्हा दिरासमोर बाईनं डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही अशी रीत होती, आणि इथं दीर खाली मांडी घालून बसलेला नि वहिनी वर खुर्चीत. येणाऱ्याजाणाऱ्या बायका दारातून डोकावून तोंडाला पदर लावायच्या. मायला त्या खुर्चीत नीट बसता कधी आलंच नाही. पाय लोंबते ठेवले तर तिला ते बरं दिसत नसे, वर घेतले तर खुर्ची करकरायची. मग ती एक पाय दुमडून घ्यायची, दुसऱ्या पायाचा अंगठा कसाबसा जमिनीला टेकवायची आणि सभा संपेपर्यंत तशीच अवघडून बसायची. ती आमच्या घराची राष्ट्रपती होती. मी पुढं अंबाजोगाईच्या कॉलेजात जन्मभर राज्यशास्त्र शिकवलं, राष्ट्रपती आणि संसद या धड्यावर पोरांना घाम फोडला. पण राष्ट्रपती म्हटलं की अजूनही माझ्या डोळ्यांपुढं मायचा तो जमीन शोधणारा अंगठाच येतो.

अण्णा, म्हणजे माझे वडील, गावच्या शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायचे. वस्तीतले ते पहिले मास्तर. ते पोरसवदा असताना आमच्या लोकांनी धर्म बदलला, घराघरातले देव बाहेर गेले, आणि आमच्या घरात रिकाम्या झालेल्या कोनाड्यात पुढं अण्णांनी बुद्धाच्या मूर्तीशेजारी घटनेचं जाडजूड पुस्तक ठेवलं. पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं. दर शनिवारी माय ते फडकं धुऊन वाळत घालायची आणि दिवस मावळायच्या आत पुस्तकाला पुन्हा नेसवायची. मायला अक्षरओळख नव्हती. पुस्तक उलटं ठेवलं गेलं की अण्णा काही न बोलता सरळ करायचे. सकाळी वंदना झाली की ते त्यातलं एखादं पान वाचत, ओठ हलवत, जरा पुटपुटत. आम्ही पोरं अंगणात राखुंडीनं दात घासत ती पुटपुट ऐकायचो. पलीकडं पिठाची गिरणी सुरू झालेली असायची, स्टेशनात परळीकडं जाणारी गाडी शिट्टी द्यायची आणि चुलीपाशी भाकरी थापल्याचा आवाज चाललेला असायचा. माय आणि काकू दोघी शेजारी शेजारी बसून थापायच्या, पण त्यांचा ताल काही एक व्हायचा नाही.

त्या दोघींचं पटत नव्हतं, हेच घराचं खरं दुखणं होतं. काकू म्हणजे तात्यांची बायको, आणि तात्या अण्णांचे पाठचे भाऊ. शेत तात्या बघायचे. आजोबांनी जाताना दोघा भावांचे हात एकमेकांच्या हातात देऊन चूल एकच ठेवा म्हणून सांगितलं होतं. ते गेले आणि वर्षाच्या आत चुलीवरूनच भडका उडाला. उडदाच्या घुट्यात मीठ दोनदा कुणी घातलं, एवढ्यावरून. तात्यांनी वेगळं निघायची भाषा काढली. त्या दिवशी अण्णांनी सगळ्यांना ओसरीवर बसवलं, कोनाड्यातून पुस्तक काढलं आणि मांडीवर घेऊन म्हणाले, "ज्या पुस्तकानं आपल्याला माणसात आणलं, त्याच्यापरमानं एवढा देश चालतो. मंग आपलं घर कावून चालू नये? इथून पुढं या घरात कुणाची मर्जी चालणार न्हाई. बहुमत चालंल. हरलेल्यानं मानायचं आन् जिंकलेल्यानं मिरवायचं न्हाई." तात्या तोंडातली सुपारी गालात सरकवत म्हणाले, "बघू की चालवून."

अशी आमची संसद सुरू झाली. लोकांना मी हे सांगते तेव्हा ते हसतात, आणि हसण्यासारखंच होतं ते. मत द्यायचं वय तेव्हा एकवीस होतं आणि अण्णा नियमाला पक्के, त्यामुळे मतं चारच: तात्या, काकू, माय आणि माझा थोरला भाऊ मिलिंद. भाऊ नुकताच एकवीस पुरा करून मिशा कोरायला लागला होता. माझी ताई सुशीला सतरा वर्षांची आणि मी बारा-तेरा वर्षांची कुंदा, आम्ही दोघी प्रेक्षक. अण्णा सभापती. सभापतीनं एरवी मत द्यायचं नाही, दोन्हीकडं सारखी मतं पडली तरच द्यायचं. आणि आमच्याकडं ती नेहमी सारखीच पडायची. तात्या-काकू एकीकडं, माय-भाऊ दुसरीकडं. मग अण्णा चष्मा पुसत, डोळे मिटत, दोन्ही बाजूंचा विचार केल्यासारखं करत आणि बहुतेक वेळा मायच्या बाजूनं पडत. म्हैस विकायची नाही, असं ठरलं. भाऊनं परळीला नोकरी बघायची, असं ठरलं. आम्ही पोरी खूश होतो, पण तात्या हरून हरून कंटाळले होते हे आमच्या लक्षात आलं नाही.

तात्या शाळेत चौथीपुढं गेले नव्हते, पण गावच्या राजकारणात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. एका रविवारी जेवणं झाली, सतरंजी पसरली, आणि तात्या साळसूदपणे म्हणाले, "दादा, सभा झाली, सभापती झाले. पर राष्ट्रपती कुटं हाय? तुमीच शाळंत शिकवता ना, राष्ट्रपतीबिगर संसद पुरी हुत न्हाई म्हणून?"

अण्णांचा चेहरा असा उजळला की बस. धाकट्या भावानं आपला विषय मनावर घेतला, याचं त्यांना फार अप्रूप वाटलं. म्हणाले, "खरं हाय तुझं. कुणाला करायचं?"

"कुणाला म्हंजे? वैनीला. घरातली थोरली बाई हाय. मान तिचाच."

काकूनं लगेच हात वर केला. भाऊनंही केला. आईला मान मिळतोय म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? माय लाजून चुलीकडं पळाली, तिला ताईनं हाताला धरून परत आणलं. अण्णांनी शाळेतून मोडीत निघालेली खुर्ची दुरुस्त करून आणली. मायला सही करता येत नव्हती, तेव्हा अण्णांनी तिच्यासाठी वेगळी रीत बसवली. तेलगावच्या बाजूच्या गुऱ्हाळातून आणलेल्या गुळाची ढेप फोडून एका पत्र्याच्या डब्यात ठेवलेली असायची. सभेनं काही मंजूर केलं की डबा मायच्या मांडीवर द्यायचा. तिनं झाकण उघडून सगळ्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला की संमती झाली, ठराव लागू झाला. खडा पडेपर्यंत ती नुसती बोलणी. पहिल्या रविवारी मायनं इरकली लुगडं नेसून गूळ वाटला आणि वाटताना ती इतकी खुशीत होती की मला दोन खडे मिळाले.

त्याच दिवशी अण्णांनी नियम वाचून दाखवला होता. राष्ट्रपती हा संसदेचा भाग असतो, पण तो कोणत्याही सभागृहाचा सभासद नसतो. हे वाक्य मी पुढं शेकडो वेळा फळ्यावर लिहिलं. त्या दुपारी ते सगळ्यांनी ऐकलं आणि अर्थ एकट्या तात्यांना कळलेला होता. मायला खुर्ची मिळाली आणि तिचं मत गेलं. आता मतं तीन राहिली, दोन तात्यांची आणि एक भाऊचं. सारखी पडायचा प्रश्न मिटला, त्यामुळे अण्णांचं मतही गेलं. अण्णांना हे कळायला पुढचा रविवार उजाडावा लागला. म्हैस विकायचा ठराव पुन्हा आला आणि झाला. अण्णा थोडा वेळ चष्मा हातात धरून बसले. मग म्हणाले, "नियमाला धरून हाय," आणि डबा मायपुढं सरकवला.

सव्वीस जानेवारीला मायचं अभिभाषण असायचं. सरकारनं लिहिलेलं भाषण राष्ट्रपतीनं वाचायचं असतं, तसं अण्णा एकेक वाक्य सांगायचे आणि माय पाठोपाठ म्हणायची. "माझं सरकार यंदा वरच्या पट्टीत करडई घेणार हाय. माझं सरकार न्हाणीला दार बसवणार हाय." माझं सरकार म्हणताना तिला हसू फुटायचं. एकदा तिनं शेवटी आपल्या मनानं जोडलं, "आन् चुलीचा धूर लई हुतो, त्येचं बी बघा." तात्या म्हणाले, राष्ट्रपतीला पदरचं वाक्य घालता येत नसतं. अण्णांनी मान डोलावली. ते वाक्य गळालं आणि धूर तसाच राहिला.

आता ताईबद्दल. ताई अंगानं काटकुळी, पण तिचे हात मात्र मोठे नि थंड. कुणाला ताप आला की कपाळावर तिचा हात हवा असायचा. दहावी झाल्यावर अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात नर्सिंगच्या कोर्सला तिचा नंबर लागला होता. तेव्हापासून तिनं घरात कुणाला सुखानं बसू दिलं नाही. अण्णांचं घड्याळ मनगटावर चढवून ती सगळ्यांच्या नाड्या बघायची. भाकरी थापणाऱ्या मायचा पिठाचा हात ओढून घ्यायची. तात्या ओरडायचे, पण हात पुढं करायचे. मला तिनं शिकवलं होतं, अंगठ्याच्या खाली दोन बोटं ठेवायची, दाबायची नाहीत, नुसती ठेवायची आणि वाट बघायची. मला नाडी सापडायची नाही. "तुला दम न्हाई, कुंदे," ती म्हणायची.

ज्वारीची काढणी उरकली होती. ऊन चढायला लागलं होतं, ओसरीवर माश्या घोंघावत होत्या. त्या रविवारी तात्यांनी ठराव मांडला. काकूचा भाचा, दिंद्रुडचा. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, घरचं रान, पोरगा निर्व्यसनी. सुशीलाचं लग्न येत्या उन्हाळ्यात करून द्यावं.

भाऊ उसळून म्हणाला, "तिचा नंबर लागलाय तात्या. जूनमध्ये जायचंय तिला."

"जाऊन काय करायचं बे? दुसऱ्याच्या गाद्या उचलायच्या? स्थळ चालून आलंय. पुन्हा येतंय का असं?"

"कावून एवढी घाई करायची?" हे माय बोलली, खुर्चीतून. सगळे वर बघायला लागले. तात्या शांतपणे म्हणाले, "वैनी, राष्ट्रपतीला चर्चेत बोलता येत न्हाई." माय अण्णांकडं बघत राहिली. अण्णांनी मान खाली घातली, म्हणजे तात्यांचं बरोबर होतं. दोन हात वर झाले, एक राहिला. अण्णांची नजर सवयीनं सतरंजीच्या त्या कोपऱ्यावर गेली जिथं पूर्वी माय बसायची. तिथं गव्हाची परात होती.

मी आजही त्या ठिकाणी अण्णांवर चिडते. स्वतःची पोर, स्वतःचं घर, नाही म्हणायला काय झालं होतं? पण अण्णांचा जीव त्या नियमात होता. घरातल्या पोरीसाठी आज मोडला, तर उद्या शाळेत कोणत्या तोंडानं शिकवू, असं ते म्हणत. त्यांच्या आज्याला गावात कुणी पुसलं नव्हतं, बापाला मत मिळालं तेव्हा तो नवे कपडे घालून गेला होता. मोजलेल्या हातांवर त्यांची जी श्रद्धा होती ती आमच्यासारख्या आयत्या मिळालेल्यांना कळायची नाही. तरी मी चिडतेच.

त्यांनी डबा लगेच मायच्या मांडीवर दिला नाही. पुस्तक उघडलं, पान काढलं आणि तिच्याकडं वळून म्हणाले, "राष्ट्रपतीला एक अधिकार हाय. ठराव पटला नसंल तर फेरविचाराला परत धाडता येतो. एकदा."

मायनं विचारलं, "आन् फिरून तसाच आला तर?"

"मंग संमती द्यावीच लागती. रोखता येत न्हाई."

मायनं जरासुद्धा वेळ घेतला नाही. "परत धाडते," ती म्हणाली. इतक्या खणखणीत आवाजात ती त्या खुर्चीतून कधी बोलली नव्हती. ताईनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. तात्यांनी खांदे उडवले. पुढच्या रविवारी पुन्हा मतं घ्यायची ठरली.

तो आठवडा घरात सण असल्यासारखा गेला. मायनं काकूला जिंकायचं मनावर घेतलं. काकूला आवडतात म्हणून धपाटे केले, वर लोण्याचा गोळा. अंगणात बसवून तिच्या डोक्याला तेल घातलं, उवा काढल्या. दोघी हळू आवाजात बोलायच्या, हसायच्या. एका सकाळी दोघींच्या भाकरीच्या थापा एका तालात पडत होत्या आणि अण्णा वाचता वाचता थांबून ते ऐकत होते. काकूनं ताईला जवळ घेऊन आपला हात पुढं केला. "बघ गं माझी नाडी. काय म्हणती?" ताईनं घड्याळ बघून सांगितलं, "काकू, एकदम ब्येस." काकू मायला म्हणाली, "पोर हुशार हाय वैनी. तिच्या हाताला गुण हाय." मायनं रात्रीच्या जेवणाला हे अण्णांच्या कानावर घातलं. ताईनं आपली दोन पोलकी धुऊन, घडी घालून ठेवले, अंबाजोगाईला न्यायचे म्हणून.

रविवार आला. घुटं, भाकरी, कांदा, सगळं नेहमीसारखं. ठराव पुन्हा मांडला गेला. तात्यांचा हात वर गेला. भाऊ हात मांडीखाली घेऊन बसला. काकू खाली बघत होती. तात्यांनी नुसतं तिच्याकडं बघून एकदा खाकरलं. काकूचा हात वर आला. पुरता नाही, खांद्यापर्यंत. मायकडं तिनं बघितलं नाही. तिला तरी काय दोष द्यायचा? आमच्या संसदेत तिला मत होतं, पण सभा उठल्यावर तिला तात्यांच्याच खोलीत जायचं होतं.

अण्णांनी डबा उचलला आणि मायच्या मांडीवर ठेवला. "आता देणं भाग हाय," ते म्हणाले.

माय डबा धरून बसली. किती वेळ कोण जाणे. गिरणी बंद होती, रविवार ना. एक माशी डब्याच्या झाकणावर फिरत होती. मग झाकणाचा तो कर्रर्र आवाज झाला. मायनं पहिला खडा ताईला दिला. रीत सभासदांना द्यायची होती, ताई सभासद नव्हती, पण कुणी हरकत घेतली नाही. ताईनं डाव्या हातात गूळ घेतला आणि उजव्या हाताची दोन बोटं मायच्या मनगटावर ठेवली. घड्याळ नव्हतं तिच्या हातात. थोडा वेळ तशीच थांबून ती म्हणाली, "माय, तुझी नाडी लई पळतीय गं." आणि मग माय रडली. खुर्चीत बसूनच रडली, अंगठा जमिनीला टेकवून. ताईनं तो गूळ खाल्ला नाही. मुठीत ठेवला, संध्याकाळी तो पाघळून तिच्या बोटांमधून आला तेव्हा मी तिला पाणी घातलं हातावर.

लग्न झालं. ताईचा नवरा वाईट नव्हता, हे सांगायला हवं. तिला मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. तिनं तीन लेकरं वाढवली, जिनिंगच्या कापसाचे तंतू नवऱ्याच्या अंगावरून झटकले, दिंद्रुडच्या बायका अडल्यानडल्या की तिला बोलवायच्या. पण नाडी बघायची तिनं सोडून दिली. माहेरी आली की आमच्याकडं रीतीनं आधी गूळ-पाणी पुढं व्हायचं. ती पाणी प्यायची आणि गुळाची वाटी हळूच बाजूला सरकवायची. माय दर वेळी वाटी ठेवायची, ताई दर वेळी सरकवायची. यावर दोघी कधी बोलल्या नाहीत. पंचेचाळिशीच्या आत काविळीनं ताई गेली. शेवटच्या दिवसांत मी तिच्याजवळ होते. अंबाजोगाईच्या त्याच दवाखान्यात, नर्सबाया येजा करत होत्या आणि ती त्यांच्या हातांकडं बघत पडलेली असायची. ते मला अजून सोसत नाही.

ताईच्या लग्नानंतर अण्णांनी सभा कधी बोलावली नाही. खुर्ची माळ्यावर गेली. दोन वर्षांनी तात्या वेगळे निघाले ते निघालेच. त्यासाठी त्यांना कुणाचं मत लागलं नाही.

मी एम.ए.ला असताना पहिल्यांदा स्वतः घटनेचा तो अनुच्छेद शांतपणे वाचला. राष्ट्रपतीपुढं विधेयक आलं की त्यानं संमती द्यावी, किंवा रोखून ठेवावी, किंवा शक्य तेवढ्या लवकर फेरविचाराला परत पाठवावं. परत पाठवलेलं पुन्हा मंजूर होऊन आलं, तर मात्र संमती रोखता येत नाही. यातलं परत पाठवायचं तेवढंच अण्णांनी सांगितलं होतं. पण पहिल्यांदा आलेलं विधेयक परत पाठवलंच नाही, नुसतं जवळ ठेवून दिलं तर? किती दिवसांत निर्णय घ्यावा हे कुठंही लिहिलेलं नव्हतं. मंत्रिमंडळाच्या सल्ल्याचा प्रश्न आहे, वकील त्यावर वाद घालतात, ते मी वर्गात शिकवलं आहे. आमच्या ओसरीवर मंत्रिमंडळ नव्हतं. आमच्याकडं एक बाई होती आणि तिच्या मांडीवर डबा. तिनं झाकण उघडलं नसतं आणि परतही धाडलं नसतं, तर ताई जूनमध्ये अंबाजोगाईला गेली असती.

सुट्टीत घरी आले तेव्हा अण्णा ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. मी विचारलं, "तुम्हाला हे माहीत होतं?"

ते शेंगा फोडत राहिले. "हुतं," म्हणाले.

"मग मायला अर्धंच का सांगितलंत?"

"पुरं सांगितलं असतं तर तिनं जन्मात डबा उघडला नसता. मंग तात्या त्याच दिवशी निघाला असता, बापाला दिलेला शब्द गेला असता. मला वाटलं, परत धाडलं की तुझी काकू दुसऱ्यांदा हात वर करायची न्हाई. बाईमाणूस हाय." मग ते म्हणाले, "माझा अदमास चुकला, कुंदे." शेंगांची टरफलं गोळा करून त्यांनी ओंजळीत धरली आणि कुठं टाकायची ते विसरल्यासारखे बसून राहिले. उठताना म्हणाले, "मायला सांगू नको." मी नाही सांगितलं. अण्णा गेले, तरी नाही सांगितलं.

माय आता माझ्याकडं असते. ऐंशी ओलांडली आहे. डोळे गेले, कान शाबूत आहेत, त्यामुळे टीव्ही ती ऐकते. मध्यंतरी संध्याकाळच्या बातम्यांत राष्ट्रपतींचाच विषय चालला होता. विधेयक आलं की त्यांनी किती दिवसांत निर्णय घ्यावा, यावर दोन वकील भांडत होते. मी भाजी निवडत होते. रिमोट कुठं आहे ते बघेपर्यंत त्यातला एक म्हणाला, घटनेनं राष्ट्रपतींना मुदतीचं बंधन घातलेलं नाही.

"काय म्हणला गं त्यो?" माय म्हणाली.

"काही नाही माय, भांडतायत."

"मुदत न्हाई म्हणला." ती पलंगावर उठून बसली. "म्हंजे राष्ट्रपती नुसता गप बसला तर?"

हातातली भाजी खाली ठेवून मी सांगितलं, "तर ते तसंच पडून राहतं."

"परत न धाडता?"

"परत न धाडता."

मांडीवरची वाकळ तिनं दोन्ही हातांनी धरली होती, डबा धरावा तशी. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. मग ती म्हणाली, "मी आजवर येवढं येकच धरून हुते, कुंदे. द्यावंच लागत हुतं म्हणून दिलं. सुशी गेली तवा बी मनाला ह्येच सांगितलं. माझ्या हातात न्हवतंच."

याच भीतीनं मी इतकी वर्षं तोंड मिटून होते. तिच्याजवळ तेवढा एकच आधार होता आणि तो टीव्हीतल्या एका अनोळखी माणसानं एका वाक्यात काढून घेतला. मला त्या वकिलाचा राग आला, टीव्हीचा आला, घटनेचासुद्धा आला.

"तुझ्या अण्णाला ठावं हुतं?" तिनं विचारलं.

नाही म्हणणं सोपं होतं. नाही म्हटलं असतं तर अण्णांना दिलेला शब्द राहिला असता आणि मायच्या मनातले अण्णाही जसेच्या तसे राहिले असते. पण मग त्या डब्यापाशी ती एकटीच उरली असती.

"हो माय," मी म्हणाले. "माहीत होतं त्यांना."

ती कितीतरी वेळ मान हलवत राहिली. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तिनं पुसलं नाही. "दर शनवारी फडकं धुवायची मी त्या पुस्तकाचं," ती म्हणाली. आणि मग अगदी हळू, "मंग माझ्या येकलीच्या हातून न्हाई झालं ते."

मी टीव्ही बंद केला आणि तिच्याजवळ बसून तिचं मनगट हातात घेतलं. ताईनं शिकवलं होतं तशी अंगठ्याखाली दोन बोटं ठेवली, दाबली नाहीत. मला नाडी तेव्हाही सापडायची नाही आणि त्या दिवशीही सापडली नाही. मी नुसतीच धरून बसले.